मुलाखतीला आलेली माणसं

ताई पालिकेच्या रस्ते विभागात अभियंता होती. घरात थोरली म्हणून ताई, आणि ऑफिसातही मॅडमची ताई कधी झाली ते कुणाला सांगता आलं नसतं. तिचं नाव स्वच्छ होतं. ठेकेदार मोठमोठ्यानं बोलत जिना चढायचे आणि तिच्या टेबलाशी पोचेपर्यंत त्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. पण स्वच्छ नाव पांढऱ्या कपड्यासारखं असतं. एकदा अंगावर चढलं की माणूस बसायच्या आधी खुर्ची झटकायला लागतो, आणि पुढेपुढे तर बसायचंच टाळतो.

तिचा धाकटा भाऊ, घरातला बारक्या, हाही रस्त्यांचाच अभियंता. आधी एका बड्या सल्लागार कंपनीत होता. तिथे उड्डाणपुलांचे खांब मोजून मोजून कंटाळला आणि एक दिवस राजीनामा टाकून घरी आला. टायरच्या दुकानावरची एक खोली त्यानं भाड्यानं घेतली, दोन सोबती गोळा केले आणि पायी चालणाऱ्या माणसांसाठी रस्ते आखायचं स्वतःचं दुकान थाटलं. खोलीत दिवसभर रबराचा वास यायचा. बारक्या म्हणायचा, आपण गाड्यांच्या विरोधात काम करतो, तेव्हा त्यांच्या डोक्यावर बसलेलंच बरं.

त्याचं बोलणं फिरून फिरून एकाच रस्त्यावर यायचं. दवाखान्याचा रस्ता. एका बाजूला शहरातलं सगळ्यांत मोठं इस्पितळ, समोर बसस्थानक आणि औषधांची दुकानं, आणि मधे इतका रुंद रस्ता की हिरवा दिवा बघून निघालेलं म्हातारं माणूस मधोमध पोचेस्तोवर दिवा पालटायचा. मग ते माणूस एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून दोन्हीकडच्या गाड्यांच्या मधे उभं राहायचं. बारक्या फुटपाथवर बसून हे तासन्‌तास बघायचा. त्या रस्त्याचा आराखडा त्यानं कुणी न सांगता, हौसेनं काढून ठेवला होता. कोपरे आवळलेले, म्हणजे वळणाऱ्या गाडीला वेग टाकावाच लागेल. आणि मुख्य म्हणजे मधला कट्टा. रस्त्याच्या मधोमध कठड्यांनी राखलेली ऐसपैस जागा, जिथे चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारं माणूस दोघंही पुढच्या दिव्याची वाट बघत निवांत थांबतील.

आणि एके दिवशी पालिकेनं तोच रस्ता नव्यानं करायला घेतला.

शहर असले रस्ते स्वतः आखत नाही, सल्लागार नेमतं. आधी आपली गरज आणि अटी लिहून काढतं. कंपन्या आपला अनुभव आणि आपली माणसं मांडतात. समिती गुण देते, वरच्या दोघातिघांना मुलाखतीला बोलावते, आणि जो पहिला येतो त्याच्याशी मग पैशाचं बोलणं होतं. डॉक्टर निवडावा तसा हा प्रकार. ऑपरेशनला स्वस्तातला माणूस कुणी शोधत नाही.

या समितीत ताई होती. ती सरळ विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. त्यांना सगळे मागून बघूसाहेब म्हणायचे, कारण कशालाही त्यांचं पहिलं उत्तर ‘बघू’ असायचं.

“साहेब, या कामासाठी माझा भाऊ अर्ज करणार आहे. मला समितीतून मोकळं करा.”

“करतो की,” साहेब म्हणाले. “पण गरज आणि अटी तेवढ्या तुम्हीच लिहा. त्या रस्त्याची खडानखडा माहिती दुसऱ्या कुणाला आहे?”

“अटीसुद्धा मीच?”

“जुन्या कामाच्या आहेत ना, त्याच पुढे ओढा. नवीन काही घातलं की लोक विचारतात का घातलं. जुनं ठेवलं की कुणी विचारत नाही.”

जुन्या कागदात अट होती की अर्जदारानं अशा आकाराची पाच कामं पुरी केलेली असावीत. ती अट आली होती कुठल्याशा उड्डाणपुलाच्या कामातून. दवाखान्याच्या रस्त्याला ती म्हणजे मुंगीला हत्तीचा साखळदंड. बारक्याच्या गाठीला दोन कामं होती, तीही छोटी. ताईनं भाषा नीट केली, वाक्यं सुटसुटीत केली, आणि पाचाच्या आकड्याशी येऊन थांबली. भाऊ नसता तर तिनं ती अट डोळे मिटून खोडली असती. भाऊ होता म्हणून तिनं ती तशीच ठेवली.

जाहिरात निघाली त्या दिवशी बारक्या घरी आला होता. आई ताईकडेच राहायची, त्यामुळे त्याची खेप असायचीच. त्यानं अटी मोबाइलवर वाचल्या, पाचाशी थांबला, आणि एवढंच म्हणाला, “म्हणजे कुणाचं तरी बोट धरून जावं लागणार.”

बोट धरायला माणूस आपणहून आला. दुसऱ्या एका बड्या कंपनीकडे पुलांचा ढीग होता, पण पायी चालणाऱ्यांसाठी काही केलेलं दाखवायला नव्हतं, आणि या कामात त्याला गुण होते. तिचा संचालक, कडक इस्त्रीचा आणि भर उन्हाळ्यातही गळ्याशी आवळलेल्या टायचा, स्वतः जिना चढून बारक्याच्या खोलीवर गेला. टायरवाल्याच्या डोक्यावर टायवाला येऊन बसला, असं बारक्या घरी हसत सांगत होता. ठरलं असं की अर्ज कंपनीच्या नावानं, चालणाऱ्यांचा सगळा भाग बारक्याकडे.

मुलाखतीच्या दिवशी ताई आपल्या टेबलाशी बसून भलत्याच कामाचे नकाशे तपासत होती. सभागृहाचं दार बंद होतं. मधेच आतून हशा ऐकू आला, आणि हा बारक्याचाच विनोद असणार हे तिला बाहेर कळलं. नंतर समितीतल्या एकानं जिन्यात तिला गाठून सांगितलं, “मॅडम, बाकीच्यांनी पडदे भरभरून चित्रं दाखवली. तुमच्या भावानं कट्ट्याचं एकच चित्र लावलं आणि एका म्हातारबाबांची गोष्ट सांगितली, रस्ता ओलांडायची. मग माणसं कुणाला गुण देणार?”

कंपनी पहिली आली. साहेबांनी ताईला बोलावून घेतलं.

“निवड झाली. आता काम तुम्ही बघा.”

“साहेब, भाऊ आहे त्यात.”

“करार कंपनीशी आहे, भावाशी नाही.”

“तरी दुसऱ्या कुणाला देता आलं तर—”

“बघू,” साहेब म्हणाले, आणि काम तिच्याकडेच राहिलं.

पुढे जे झालं त्याला आपल्याकडे जुनी म्हण आहे, गरज सरो वैद्य मरो. कंपनीचं काम झालं होतं. बारक्याला ना कागद आले ना बोलावणं. त्यानं फोन केला की टायवाला मधाळ आवाजात सांगायचा, “तुमचा भाग पुढच्या टप्प्यात.” इकडे ताईच्या टेबलावर आराखडे येऊन पडले. पहिल्या पानावर काम करणाऱ्या माणसांचा तक्ता होता, फोटोंसकट, आणि त्यात बारक्या हसत होता. आतल्या पानांवर मात्र त्याचं काही नव्हतं. कोपरे ऐसपैस गोल केलेले, गाड्यांना सुसाट वळता यावं असे. कट्टा गायब. त्या जागी गाड्यांची आणखी एक रांग. एका पानावर तर ट्रामचा थांबा राहून गेला होता. या शहरात ट्राम कधीच नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्या शहराचा नकाशा उचलून त्यावर या रस्त्याचं नाव टाकलं होतं.

असल्या आराखड्यावर एरवी तिनं कंपनीला दारातच उभं केलं असतं. पण बारक्याचं नाव तक्त्यात होतं. आपण कट्टा मागितला, तर तो कुणाचा कट्टा आहे ते सगळ्या पालिकेला ठाऊक होतं. तिनं शेरा लिहिला, “पादचाऱ्यांच्या सोयीचा फेरविचार व्हावा.” कंपनीचं उत्तर आलं, “नोंद घेतली आहे.” त्या दोन वाक्यांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघंही आपापल्या घरी गेली.

सुट्टीच्या दुपारी बारक्या आला तो स्वयंपाकघरातच येऊन बसला. ताईनं चहाचं आधण ठेवलं होतं. आई दाराशी स्टुलावर बसून शेंगा सोलत होती.

“ताई, करारात एक कलम आहे,” तो म्हणाला. “मुलाखतीला जी माणसं आणली तीच काम करतील. बदलायची असतील तर पालिकेची लेखी परवानगी लागते. तू त्यांना एक पत्र टाक. विचार फक्त, ही माणसं कुठे आहेत म्हणून.”

“मी पत्र टाकलं तर लोक काय म्हणतील?”

“माझ्या जागी दुसरा कुणी असता तर टाकलं असतंस?”

“तू दुसरा कुणी नाहीस ना.”

आधण उकळायला लागलं. तिनं गॅस बारीक केला, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

“पाचाची अट तूच लिहिली होतीस,” बारक्या म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. “आकडा जुना होता, भाषा तुझी होती. तुझं वाक्य मी लहानपणापासून ओळखतो, माझे निबंध तूच तपासायचीस.”

ताईनं आधणात चहाची पूड टाकली.

“तेव्हा मला राग नाही आला. म्हटलं, ताई सावध आहे. आता वाटतं, तू नुसती सावधच आहेस.”

तो चहा न घेता उठला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला. आई बराच वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “आपलेच दात नि आपलेच ओठ. मी बोलू तरी कुणाला?” आई रुसून गप्प बसली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीसारखीच बोलत राहिली, भाजी काय करायची, नळाला पाणी आलं का, आणि त्यात एकदाही बारक्याचं नाव येत नव्हतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ताई आईला डोळे तपासायला इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातल्यामुळे आईला सगळं धूसर दिसत होतं. थेंबांची बाटली समोरच्या दुकानात मिळणार होती. ताई म्हणाली, “तू इथे बस, मी आणते.” आई म्हणाली, “मला एकटीला ठेवू नकोस, काही दिसत नाही.” मग दोघी निघाल्या. हिरवा दिवा होता. आईची पावलं आधीच आखूड, त्यात समोरचं दिसेना, म्हणून ती प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होती. मधोमध पोचल्या आणि दिवा पालटला.

दोन्हीकडून गाड्या सुटल्या. उभं राहायला पांढऱ्या पट्ट्याखेरीज काही नव्हतं. ताईनं आईला पुढून कवेत घेतलं आणि पाठ गाड्यांकडे केली. एका बसचा आरसा तिच्या खांद्याला वारा घालून गेला. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. आईची बोटं तिच्या दंडात रुतली होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण या रस्त्यावर पन्नासेक वेळा पाहणीला आलो असू, पण नेहमी पालिकेच्या गाडीतून, टपावर पिवळा दिवा लावून.

दिवा पुन्हा हिरवा झाला. पलीकडच्या फुटपाथवर आई एका दुकानाच्या पायरीवर टेकली.

“इथेच होणार होता का तो?” तिनं विचारलं.

“काय?”

“बारक्याचा कट्टा.”

“हो.”

आईनं डोळ्यांवरून पदर फिरवला. औषधामुळे पाणी येत होतं की आणखी कशामुळे, ते ताईनं विचारलं नाही.

अंतिम मंजुरीची बैठक त्याच आठवड्यात होती. सभागृहात बघूसाहेब, विभागातले चार अधिकारी, हिशेब विभागाचा माणूस, आणि समोर टायवाला व त्याची दोन माणसं. टायवाल्यानं पडद्यावर पहिलं चित्र लावलं. तोच तक्ता, तेच फोटो. तो पुढे सरकणार तेवढ्यात ताई म्हणाली, “थांबा. हे चौथे गृहस्थ कुठे आहेत?”

“ते दुसऱ्या कामात गुंतले आहेत, मॅडम. त्यांचं मार्गदर्शन आम्ही वेळोवेळी घेतोच.”

“ते माझे भाऊ आहेत,” ताई म्हणाली. “ते माझ्याकडे येऊन बसले होते. कशातही गुंतलेले नव्हते. तुम्ही त्यांना आजवर एक कागदसुद्धा पाठवलेला नाही.”

तिनं आवाज तसाच ठेवून पुढे सांगितलं. मुलाखतीला आलेली माणसं कामावर नाहीत. पालिकेची परवानगी घेतलेली नाही. निवड ज्या कट्ट्यावर झाली तो आराखड्यातून काढलाय, आणि पान अकरावर ट्रामचा थांबा आहे. “हे मी पहिले आराखडे आले तेव्हाच बोलायला हवं होतं. भाऊ आहे म्हणून बोलले नाही. ती माझी चूक. आज मी मंजुरीवर सही करणार नाही.”

टायवाल्यानं गळ्याशी बोट घालून टाय किंचित सैल केला. हिशेबवाला पान अकरा उघडून बघू लागला. बघूसाहेब म्हणाले, “बैठक इथेच थांबवू,” आणि बाहेर पडताना ताईला आपल्या खोलीत यायची खूण केली.

“खोटं काहीच बोलला नाहीत,” दार लावून ते म्हणाले. “पण मॅडम, काम परत दिलं तेव्हाच ठाम नाही म्हणायचं होतं.”

“मी म्हटलं होतं. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.”

“मी बघू म्हणालो. तुम्ही कशाला बघत बसलात?”

ते खरं होतं.

कंपनीची तक्रार लगोलग आली. अधिकारी महिला आपल्या भावाला काम मिळावं म्हणून दबाव आणते. चौकशी बसली. ताईनं कुणाकडून काही घेतलं नाही, भावाला काही दिलं नाही, हे सगळं निघालं, आणि शेवटी शेरा पडला की नात्याचा गुंता माहीत असूनही त्या कामावर राहिल्या. खोटा आरोप असता तर ती भांडली असती. हा शेरा तिनं दोनदा वाचला आणि खाली सही केली. तिची बदली पार्किंगच्या परवान्यांच्या विभागात झाली. जिना चढून आलेले ठेकेदार आता तिच्या टेबलाजवळून मोठ्यानं बोलत जायचे.

तिच्या जागी एक तरुण अधिकारी आला. तो इतका धास्तावलेला होता की करारातलं प्रत्येक कलम अक्षरशः पाळून घ्यायला लागला. त्यापायी कंपनीला बारक्याला बोलवावंच लागलं. पण तोवर खोलीवरचे दोघं सोबती पांगले होते, खोली सुटली होती, आणि बारक्यानं दुसऱ्या शहरात वाहनतळ बांधणाऱ्या कंपनीत नोकरी धरली होती. त्यानं टायवाल्याला नकार कळवला.

ताईनं त्याला फोन केला. “अरे, आता तर बोलावतायत.”

“बहिणीनं ओढून आत आणलेला, हे मी जन्मभर ऐकू?”

“पण रस्ता रे?”

“रस्त्याचं नाव काढू नकोस, ताई,” तो म्हणाला, आणि आईला फोन दे म्हणाला.

आई त्याच्याशी बरंच बोलली. फोन ठेवल्यावर ताईला म्हणाली, “एकीनं आपलं नाव राखलं, आता दुसरा राखतोय. त्या रस्त्यानं कुणाकडे बघायचं?” त्यात राग नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं.

बारक्या आला नाही, तेव्हा कंपनीनं त्याच्या मुलाखतीच्या चित्रातून कट्टा उचलला, गाड्यांची वाढीव रांग न सोडता जेवढा बसवता आला तेवढा बसवला, आणि तरुण अधिकाऱ्यानं माणूस बदलायची लेखी परवानगी देऊन, कलम पाळलं गेलं म्हणून सुटकेचा श्वास सोडला. रस्ता पुरा झाला.

ताई पहिल्यांदा तिथे गेली ती आईची औषधं आणायला. ऑफिस सुटायची वेळ होती. ती दिव्याबरोबर निघाली आणि मुद्दाम मधेच थांबली. कठडा थंड होता, रंग अजून नवा होता. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. खुर्ची सरळ ठेवली तर पाय रस्त्यात जात होते. बाईनं ती मागेपुढे करून वाकडी लावली आणि चाक आपल्या पावलानं अडवून धरलं. कोपऱ्यावरून एक टेम्पो वेग न टाकता वळून गेला. बाईनं ताईकडे बघून जरासं हसून म्हटलं, “आधी तर एवढंही नव्हतं हो.”

ताईनं तिथूनच बारक्याला फोन लावला. मागचा आवाज ऐकून तो समजला.

“कुठे उभी आहेस?”

“मधेच.”

“खुर्ची बसते?”

“वाकडी करून बसते.”

“आणि ढकलणारं माणूस?”

“आहे शेजारी. अंग चोरून उभं आहे.”

“कोपरे?”

“कोपरे त्यांचेच राहिले.”

फोनमधे त्याच्या कंपनीतल्या यंत्राची घरघर येत होती. तिला सांगायचं होतं की अट मी खोडायला हवी होती. ते त्याला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं की त्याला माहीत आहे.

“पुढच्या महिन्यात येईन,” तो म्हणाला. “आईला बघायला. रस्त्याकडे नाही यायचं मला.”

“नको येऊस. आईला बघायला ये.”

दिवा हिरवा झाला. बाईला खुर्ची वळवायला जागा पुरत नव्हती, तेव्हा ताईनं फोन खिशात टाकला, खुर्चीचं पुढचं टोक धरून उचललं आणि दोघींनी मिळून ती रस्त्यावर उतरवली.